भूतकथांचा संग्रह वाचताना एका रात्री एकच कथा

भूतकथांचा संग्रह कादंबरीसारखा सलग वाचू नये. एका बैठकीत एकच कथा वाचून पुस्तक मिटावे, कारण या कथांतील भय बहुधा शेवटच्या परिच्छेदानंतरच्या शांततेत वाढत जाते आणि लगेच पुढची कथा सुरू केली की ती शांतता वाया जाते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात इंग्रज लेखक एम. आर. जेम्स आपल्या भूतकथा नाताळच्या सुमारास मित्रांना मोठ्याने वाचून दाखवत असत आणि त्यांचा पहिला संग्रह १९०४ साली प्रसिद्ध झाला. हा प्रकार मुळात ऐकण्याचाच असल्यामुळे घरात कुणी सोबतीला असेल, तर कथा अवश्य मोठ्याने वाचावी.

मराठी संग्रहात मुंजा, हडळ किंवा गिऱ्हा भेटणार असेल, तर त्यांच्याविषयीच्या लोकसमजुती आधी समजून घ्याव्यात. मुंज झालेला, पण लग्नाआधीच मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, हे ठाऊक असलेल्या वाचकाला कथेत तिन्हीसांजेचा पार दिसला तरी पुरतो. संपादकाची प्रस्तावना मात्र सर्वांत शेवटी वाचावी, कारण तीत कथांचे शेवट पुष्कळदा उघड केलेले असतात.