ऑक्टोबरात माळावर निघताय? मग ही तयारी करूनच निघा

घट बसले की आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, नान्नजला, म्हणजे सोलापूरजवळच्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात, कधी जायचं. माझं ऐकाल तर हस्त नक्षत्र संपू द्या, म्हणजे १० ऑक्टोबरनंतरच बघा, कारण सोलापुरात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि मान्सून परतीला लागला अशी बातमी आली म्हणून आपल्या डोक्यावरचा पाऊस गेला असं नसतंय. १४ ऑक्टोबर २०२० आठवा, बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तेलंगणावरनं सरळ इकडं आला आणि पंढरपुरात घाटाची भिंत पडून माणसं गेली. म्हणून आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघायचाच. यलो असला तर दुपारच्या आत घरी, ऑरेंज असला तर बेत रद्द.

या दिवसांत सकाळी आभाळ लख्ख असतं, दहा वाजता ऊन चटके देतं आणि तीनच्या सुमाराला ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर फुगायला लागतात. माळावर आडोसा नाही, सगळ्यात उंच आपणच, त्यामुळं मोबाईलमध्ये दामिनी ॲप टाकून ठेवा, जवळपास वीज पडणार असली तर ते आधी सांगतं. गडगडलं की ट्रायपॉड गुंडाळायचा, गाडीत बसायचं, काचा वर. एकट्या बाभळीखाली थांबू नका, लई जण हीच चूक करतात.

बूट घोट्याच्या वर येणारेच घ्या. काळं रान ओलं असलं की दहा पावलांत बुटाला भाकरीएवढा चिखल चिकटतो आणि पाय उचलत नाही, मी डिकीत एक जुनं खुरपं ठेवतो खरवडायला. गाडी डांबरीवरच लावा. मोजे लोकरीचे नकोत, कुसळ अडकतं. कुसळाची शेपटी पीळ घातलेली असते, घामानं ओली झाली की ती गरगर फिरते आणि टोक स्क्रूसारखं आत जातं, मग चिमट्याशिवाय निघत नाही, म्हणून चिमटा खिशातच पाहिजे. गवतात घोणस, फुरसं असतं, अंधार पडायच्या आत बाहेर या, टॉर्च तरी सोबत ठेवाच. चावलंच तर कापाकापी, मांत्रिक काही नको, सरळ सिव्हिल.

पाणी माणशी ३ लिटर. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन दिवस खराब होत नाही.

आणि एक कळकळीनं सांगतो, ससा, तितर चालतंय म्हणणाऱ्याला सोबत घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे, जाळी, गलोल, कुत्रं काहीच नको. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा. माळढोक दिसेल या आशेवर येऊ नका, तो आता नावापुरता उरलाय, पण काळवीट आहेत, नशीब असलं तर लांडगा, खोकडही दिसतं.

दिवाळीच्या आसपास पहाटे गारवा सुटला की स्वेटर, कानटोपी काढा. तोवर उत्तरेकडनं भोवत्या, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी, आलेले असतात. हे पक्षी झाडावर नाही, गवतात जमिनीवरच रात्र काढतात, त्यामुळं सूर्य कलला की गवतात पाय घालायचा नाही, रस्त्यावरच उभं राहून दुर्बीण लावायची, ते खालनं तरंगत येतात आणि एकेक करून गवतात उतरतात.