जीजेबी२चा रिपोर्ट कसा वाचायचा

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाच्या जनुक तपासणीत जीजेबी२ हे नाव बऱ्याचदा भेटतं. त्याच कागदावर ‘कनेक्सिन २६’ किंवा ‘सीएक्स२६’ असंही लिहिलेलं असतं. हे दोन वेगळे दोष नव्हेत. जीजेबी२ हे जनुकाचं नाव, कनेक्सिन २६ हे त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचं.

नावांची फोड एकदा केली की पुढे अडत नाही. कनेक्सिनपुढचा आकडा म्हणजे प्रथिनाचं अंदाजे वजन, किलोडाल्टनमध्ये. जनुकातलं ‘जीजे’ म्हणजे गॅप जंक्शन (शेजारच्या पेशींना जोडणारी वाट), पुढचं अक्षर कुळाचं: ए, बी, सी, डी, ई म्हणजे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. शेवटचा आकडा कुळातला क्रमांक, त्याचा वजनाशी संबंध नाही. म्हणून हृदयातलं कनेक्सिन ४३ हे जीजेए१चं आणि चेतातंतूंच्या आवरणातलं कनेक्सिन ३२ हे जीजेबी१चं. जुने शोधनिबंध वाचताना मात्र जपा. आजचं जीजेडी२ (कनेक्सिन ३६) पूर्वी जीजेए९ म्हणून लिहिलं जायचं आणि आज जीजेए९ हे नाव कनेक्सिन ५९च्या जनुकाला आहे. शंका आली तर कनेक्सिनचा आकडा बघून खात्री करा.

सहा कनेक्सिन मिळून अर्धी नळी होते. शेजारच्या पेशीची अर्धी नळी तिला तोंडाला तोंड लावून बसली की आरपार वाट तयार होते. आतल्या कानातल्या शंखात (कॉक्लियात) या वाटांनी पोटॅशियम आणि इतर लहान रेणू पेशीतून पेशीत जातात. वाट बंद पडली की ऐकणं बिघडतं.

आता रिपोर्टमधली मुख्य ओळ घ्या. तिथे ‘सी.’ म्हणजे जनुकाच्या मजकुरातला बदल, ‘पी.’ म्हणजे त्यामुळे प्रथिनात झालेला. समजा लिहिलंय: सी.७१जी>ए, पी.ट्रिप२४टर. भारतात बहिरेपणाच्या तपासण्यांत जीजेबी२मधला हा बदल वारंवार सापडतो, जुन्या लेखनात तो डब्ल्यू२४एक्स. पडताळून पाहा: तीन अक्षरांचं एक कोडॉन, म्हणजे ६९ अक्षरांत २३ कोडॉन संपले. ७१वं अक्षर चोविसाव्या कोडॉनचं मधलं. टीजीजीचं टीएजी झालं, म्हणजे ट्रिप्टोफॅनच्या जागी ‘थांबा’ची खूण. २२६ अमिनो आम्लांचं प्रथिन २३वरच तुटतं. युरोपात जास्त दिसणारा ३५डेलजी वेगळा: तिथे एक जी गळतो आणि पुढची सगळी वाचनचौकट, म्हणजे तीन-तीन अक्षरांची विभागणी, सरकते.

नंतर ‘होमोझायगस’ की ‘हेटरोझायगस’ ते बघा. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बदल दोन्हींत असला तर होमोझायगस, एकीतच असला तर हेटरोझायगस. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डब्ल्यू२४एक्स अप्रभावी (रिसेसिव्ह) बदल आहे, म्हणजे दोन्ही प्रती बाधित असल्या तरच बहिरेपणा येतो. एकाच प्रतीत असला तर माणूस वाहक असतो आणि तेवढ्यावरून बहिरेपणाचं कारण सापडलं असं म्हणता येत नाही. अशा वेळी तपासणीची व्याप्ती विचारा. प्रथिनाचा पूर्ण मजकूर, ६८१ अक्षरं, दुसऱ्या एक्झॉनमध्ये (जनुकाच्या एका तुकड्यात) आहे, त्यामुळे काही ठिकाणी फक्त तोच वाचतात. मग पहिल्या एक्झॉनच्या कडेचा सी.-२३+१जी>ए हा बदल निसटतो. शेजारच्या जीजेबी६ या जनुकाकडचा मोठा तुकडा गळालेला असेल तर साध्या सँगर वाचनात (अक्षरं ओळीने वाचणाऱ्या चाचणीत) तोही दिसत नाही, त्यासाठी एमएलपीएसारखी प्रती मोजणारी चाचणी लागते.

दोन वेगळे बदल सापडले तर आई-वडिलांची तपासणी करायलाच हवी. एक आईकडून, एक वडिलांकडून आला असेल तर दोन्ही प्रती बाधित. दोन्ही एकाकडूनच आले असतील तर दुसरी प्रत शाबूत असू शकते. होमोझायगस निकालातही पालक तपासावेत. एका प्रतीतला तुकडाच गळालेला असला तर उरलेली एकच प्रत वाचली जाते आणि रिपोर्ट होमोझायगस दिसतो.

सी.७९जी>ए (व्ही२७आय) आणि सी.४५७जी>ए (व्ही१५३आय) हे बदल निरुपद्रवी मानले जातात, त्यांच्यावर निदान ठरवू नका. उलट डी५०एन हा बदल एकाच प्रतीत असला तरी बहिरेपणाबरोबर त्वचा आणि डोळ्यांचा आजार होतो. बाळाची कातडी जाड, खरखरीत असेल तर हे आठवा.

आई-वडील दोघंही वाहक ठरले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बाधित प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के. पहिल्या मुलाला बहिरेपणा आला म्हणून ती घटत नाही, वाढतही नाही.