ताणाखाली असलेल्या मुलाला वर्गात कसे सांभाळावे

एखादे मूल फळ्याकडे टक लावून बसलेले असते, पण नुकताच विचारलेला प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. दार आपटले की ते दचकते आणि शेजाऱ्याचा चुकून धक्का लागला तरी हात उगारते. त्याला आळशी किंवा उद्धट ठरवण्याआधी त्याच्या शरीरात काय चालले असावे, याचा शिक्षकाने विचार करावा. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. परीक्षेआधीच्या धाकधुकीसारखा माफक ताण लक्ष एकवटायला मदतही करतो. परंतु घरातील मारहाण, हेळसांड किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यांमुळे ताण महिनोन्महिने टिकला, तर नियोजन आणि संयम सांभाळणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाचे काम बिघडते, आणि तीन टप्प्यांत दिलेली सूचना दुसऱ्या टप्प्यावरच निसटते. अशी मुले विरळ नाहीत. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात निम्म्याहून अधिक प्रौढांनी बालपणी किमान एका प्रकारचा प्रतिकूल अनुभव आल्याचे सांगितले होते.

म्हणून आधी दिवसाची घडी बसवावी. वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहावे, बदल असेल तर तो आधी सांगावा आणि एका वेळी एकच सूचना द्यावी. मागून येऊन खांद्यावर हात ठेवणे किंवा अचानक उभे करून उत्तर मागणे टाळावे.

मूल भडकले असताना “असे का केलेस?” हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण त्या क्षणी त्यालाही कारण ठाऊक नसते. आवाज खाली आणून, थोडे अंतर राखून, “खिडकीपाशी बस, मी इथेच आहे,” एवढेच म्हणावे. नियम मोडल्याचा परिणाम रद्द करू नये. मात्र त्याविषयी ते शांत झाल्यावर, इतरांसमोर नव्हे तर एकट्याशी बोलावे. (गप्प बसणारे मूल त्रास देत नाही म्हणून नजरेआड होते, माझ्या मते त्याच्याकडेच जास्त लक्ष द्यायला हवे.)

मुलाची कहाणी खोदून काढणे हे शिक्षकाचे काम नाही. ते आपणहून बोलले तर मध्ये न तोडता ऐकावे, पण “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये; त्याच्या सुरक्षिततेसाठी ही गोष्ट कोणाला कळवावी लागेल, हे त्याला स्पष्ट सांगावे. नंतर त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून शाळेच्या समुपदेशकाकडे किंवा बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे त्याच दिवशी द्यावेत. लक्ष नसणे किंवा चटकन भडकणे यांसारखी लक्षणे अपुरी झोप, भूक, कमी दिसणे किंवा कमी ऐकू येणे यांमुळेही दिसू शकतात, त्यामुळे मानसिक आघाताचा निष्कर्ष शिक्षकाने परस्पर काढू नये.