'माया' नावाचा अर्थ तपासताना

नावांच्या याद्यांमध्ये 'माया' समोर भ्रम, प्रेम, पाणी, मे महिना असे सगळे अर्थ एकाच ओळीत दिलेले असतात. हे एका शब्दाचे अर्थ नव्हेत. म्हणून आधी प्रत्येक अर्थापुढे त्याची भाषा लिहा. भाषा सापडली नाही, तर तो अर्थ खोडा.

मग संस्कृतातला सर्वांत जुना वापर बघा. ऋग्वेदात माया म्हणजे अद्भुत शक्ती. तिच्याच बळावर इंद्र अनेक रूपं घेतो. 'भ्रम' हा अर्थ पुढे वेदान्तामुळे ठळक झाला. गौतम बुद्धांच्या आई मायादेवी, आणि 'अयोध्या मथुरा माया' या श्लोकातली माया म्हणजे हरिद्वार. 'मुलीचं नाव भ्रम कसं ठेवायचं?' असं घरात कुणी विचारलं, तर हे जरूर सांगा.

मराठीचा शोध वेगळा घ्या, कारण रोज कानावर तोच अर्थ पडणार आहे. आपण माया लावतो, पोरकं पोर मायेला पारखं होतं. बातम्यांत 'बेहिशेबी माया' म्हणजे पैसा. आणि कपडा पुढे उसवून सैल करता यावा म्हणून शिवणीत जादा कापड सोडतात, तीही मायाच! मुलीच्या नावासाठी याहून सुंदर अर्थ शोधून सापडणार नाही.

ग्रीक माइया निराळी. ती ग्रीक पुराणातल्या हर्मीस देवाची आई, कृत्तिकांच्या सात बहिणींपैकी एक. त्या पुंजक्यातल्या एका ताऱ्याला आजही तिचं नाव आहे. ग्रीकमध्ये याच शब्दाचा अर्थ सुईण असाही होतो. रोमनांचीही माइया नावाची देवी होती आणि मे महिन्याचं नाव तिच्यावरून आलं असं मानतात. इस्रायलमध्ये हे नाव 'मायिम', म्हणजे पाणी, या शब्दाशी जोडतात.

हमखास चूक होते ती मध्य अमेरिकेतल्या माया लोकांबाबत. स्पेलिंग सारखं दिसतं म्हणून 'प्राचीन संस्कृतीचं नाव' असं लिहिलं जातं. आपल्या मायेशी त्याचा संबंध नाही.

स्पेलिंग एम-ए-वाय-ए ठेवा. जर्मनी-पोलंडमध्ये वायच्या जागी जे लिहितात, पण ते इंग्रजी वाचणारा 'माजा' म्हणेल. एम-ए-आय-ए लिहिलंत, तर ग्रीक नाव समजलं जाईल.

नावरस बघत असाल, तर 'मा' हे मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर, रास सिंह. जन्मनोंदणीत नाव घालायला घाई नको: नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. मात्र एकदा चढलेलं स्पेलिंग बदलणं त्रासाचं असतं, तेव्हा अर्ज देण्याआधी अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचून घ्या.