नाग नदीच्या गाळातला मिथेन बाटलीत कसा धरायचा

दोन लिटरच्या बाटलीचं बूड कापा, झाकण घट्ट लावा. नाग नदीत सांडपाणी फार, हातमोजे घालाच. संथ पाणी, काळा गाळ अशी जागा बघा. बाटली आडवी बुडवून भरा, मग कापलेलं तोंड खाली करून धरा. सोबत्यानं बांबूनं गाळ ढवळायचा. बुडबुडे आत चढतात, पाणी खाली सरकतं.

वास आला म्हणजे मिथेन, असं आमचे पोट्टे म्हणतात. चूक! सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला वासच नसतो. तो बनवणारे जीव बॅक्टेरिया नव्हेत, आर्किया; म्हणजे बॅक्टेरियासारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव. ऑक्सिजन त्यांना सोसत नाही. इटलीचा शास्त्रज्ञ व्होल्टा यानं १७७६ मध्ये तिथल्या माज्जोरे सरोवरात असाच वायू धरला होता.

मिथेन पेट घेतो, काडी मात्र लावू नका. माझी डावी भुवई त्यातच गेली.