दिवंगत गुरुजींना राष्ट्रीय सन्मान मिळावा म्हणून अर्ज करताना

शाळा काढणाऱ्या, हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या एखाद्या दिवंगत गुरुजींना किंवा बाईंना सन्मान मिळावा म्हणून चौकाचौकांत सह्यांची मोहीम सुरू होते. त्याआधी निधन कधी झालं ते पाहा, कारण पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. अगदी असामान्य काम असेल तरच विचार होतो, आणि तोही बहुधा निधन नुकतंच झालेलं असताना. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी गेलेल्या व्यक्तीसाठी तो फॉर्म भरण्यात फारसा अर्थ नाही. निधन ताजं असेल तर राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन नामांकन करा. मुदत दर वर्षी तपासा: 2024 च्या पुरस्कारांसाठी ती 15 सप्टेंबर होती, 2026 साठी आधी 31 जुलै जाहीर झाली, मग 15 ऑगस्टपर्यंत वाढवली.

खरी मेहनत आहे ती नामांकनासोबतच्या 800 शब्दांच्या परिचयात, आणि बहुतेक अर्ज इथेच पडतात. ‘दीनदुबळ्यांचे कैवारी’, ‘ज्ञानाचा महामेरू’ असली श्रद्धांजलीसभेची भाषा सरळ खोडा. त्याऐवजी परळच्या कोणत्या चाळीत रात्रशाळा काढली, कोणत्या साली, पटावर किती जण होते, त्यातले गिरणी कामगार किती, मॅट्रिक किती झाले, कोणत्या मोर्चानंतर कोणता आदेश निघाला, हे लिहा. आकड्यांना कागदाचा आधार हवा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा, सरकारी कागदांसाठी फोर्टातलं राज्य पुराभिलेखागार. नावाकडेही लक्ष द्या. मृत्यूच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या कागदांवर दुसरं आणि बातमीत नुसतं ‘आप्पा’ असेल, तर तिघं एकच आहेत हे आधी दाखवावं लागतं.

भारतरत्नासाठी रीतसर नामांकन लागतच नाही. पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात, बस. बाबासाहेबांचं निधन 1956 चं आणि सन्मान 1990 चा, म्हणजे इथे काळाची अट आडवी येत नाही. नागरिकांच्या हातात आहे तो विधिमंडळाचा रस्ता: आमदाराला गाठून ठराव मांडायला लावायचा. फुले दांपत्यासाठी राज्य विधानसभेने मार्च 2025 मध्ये असा ठराव केला. ठराव झाला म्हणजे सन्मान मिळाला असं नव्हे, पण मागणीची अधिकृत नोंद होते.

टपाल तिकिटाचा पर्याय मात्र लोक उगाच विसरतात. प्रस्ताव टपाल खात्याकडे जातो आणि तो जयंती-पुण्यतिथीच्या तारखेला बांधलेला असला तर बरं. जोतिरावांचं तिकीट 28 नोव्हेंबर 1977 चं, सावित्रीबाईंचं 10 मार्च 1998 चं; दोन्ही तारखा पुण्यतिथीच्या. शताब्दी गाठायची तर दोनेक वर्षं आधी कामाला लागा. स्पष्ट, कॉपीराइटच्या भानगडीत नसलेला फोटो आधी शोधून ठेवा. ग्रुप फोटोतून कापलेला धूसर चेहरा तिकिटावर ओळखूही येत नाही.

पद्म किंवा भारतरत्न सन्मान मिळालाच, तर निमंत्रणपत्रिकेवर तो नावाच्या आधी किंवा नंतर जोडू नका. हे किताब म्हणजे नावाला जोडायच्या पदव्या नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलंय. आपल्याकडचे फ्लेक्सवाले ते ऐकत नाहीत, ही गोष्ट वेगळी.