सोकोबान शिकू या : ढकलण्याआधी उभं कुठे राहायचं?

सोकोबान या संगणकावरच्या कोड्याच्या खेळाचे नियम दोन ओळींत संपतात. गोदामातला माणूस पेटी ढकलू शकतो, ओढू शकत नाही, आणि एका वेळी एकच पेटी ढकलतो. सगळ्या पेट्या खुणेच्या जागांवर बसल्या की लेव्हल सुटली. एवढं ऐकून अनेक जण उत्साहाने बसतात, दहा मिनिटांत पेटी कोपऱ्यात अडकवतात आणि खेळ बंद करून टाकतात. मला याची खरंच हळहळ वाटते. बघायची एक सवय लागली की हा खेळ उलगडत जातो, आणि ती सवय लागायला एक निवांत संध्याकाळ पुरते.

जपानी भाषेत सोकोबान म्हणजे गोदामाचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ मध्ये हा खेळ रचला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या ‘थिंकिंग रॅबिट’ या कंपनीने तो बाजारात आणला. आज त्याच्या कितीतरी मोफत आवृत्त्या मिळतात.

आधी प्रोग्रॅम घ्या

डेस्कटॉपसाठी मी ‘जेसोको’ सुचवेन. तो मोफत आणि मुक्त स्रोत आहे, जाव्हावर चालतो, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स काहीही असलं तरी अडत नाही. चारही बाणांच्या कळांनी माणूस हलतो. माउसने पेटीवर क्लिक केलं तर ती कुठकुठे नेता येईल तेही प्रोग्रॅम दाखवतो. पण पहिले काही दिवस ही मदत घेऊ नका. माणूस कुठून कुठे पोहोचतो हे डोळ्यांना दिसायला हवं, आणि ते बाणांच्या कळांनीच अंगवळणी पडतं.

सुरुवात डेव्हिड स्किनर यांच्या ‘मायक्रोबान’ या संचापासून करा. त्यात १५५ छोट्या लेव्हल आहेत आणि शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. मूळ खेळातल्या लेव्हल नवख्यासाठी फार लवकर चढणीला लागतात.

मेलेली घरं ओळखा

लेव्हल उघडली की लगेच कळ दाबू नका. पेटी जिथे गेली की परत येणार नाही, ती घरं आधी शोधा. कोपरा तर उघडच आहे. पेटीला कोपऱ्यातून बाहेर काढायचं तर तिच्या मागे, म्हणजे भिंतीच्या आत उभं राहावं लागेल. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सलग असेल, तर तिला चिकटलेल्या पेटीचंही तसंच. ती भिंतीच्या कडेने पुढेमागे सरकेल, पण भिंतीपासून सुटणार नाही. त्या कडेला खुणेची जागा नसेल तर ती पेटी गेली म्हणून समजा. दोन पेट्या शेजारी-शेजारी भिंतीला टेकल्या, तर दोन्ही जागच्या जागी थिजतात. चार पेट्यांचा चौकोन झाला, तर भिंतसुद्धा लागत नाही.

एक लेव्हल सावकाश सोडवू

मायक्रोबानची ही पहिलीच लेव्हल. सोकोबानवाले नकाशे असेच साध्या खुणांनी लिहितात : # भिंत, @ माणूस, $ पेटी, ठिपका म्हणजे पेटीची जागा, आणि * म्हणजे आधीच जागेवर बसलेली पेटी.

```
####
# .#
#  ###
#*@  #
#  $ #
#  ###
####
```

आत एकूण १४ घरं आहेत. डावीकडे दोन घरं रुंद आणि पाच ओळी उंच अशी उभी पट्टी, तिच्या उजवीला तिसऱ्या-चौथ्या ओळीत चार घरांचा कोनाडा. खुणेची जागा नसलेले कोपरे पाच : पहिल्या ओळीचं डावं घर, पाचव्या ओळीची दोन्ही घरं आणि कोनाड्याची उजवी दोन घरं. आता डावी पेटी बघा. ती डाव्या भिंतीला टेकली आहे, म्हणजे तो रकाना ती कधीच सोडणार नाही. त्या रकान्यात खुणेची जागा एकच, आणि पेटी तिच्यावरच आहे. म्हणून वरची जागा मोकळ्या पेटीची. कोणती पेटी कुठे, हे एकही पाऊल न टाकता ठरलं.

मोकळी पेटी वर न्यायची तर आधी ती एक घर डावीकडे यायला हवी आणि मग माणसाने तिच्या खाली उभं राहायला हवं. तिला आत्ताच डावीकडे ढकललंत, तर खाली उतरायच्या वाटा दोनच : एकीत ही पेटी, दुसरीत डावी पेटी. माणूस खाली जाऊच शकत नाही. म्हणजे जागेवर बसलेली पेटी आधी हलवावी लागणार! नवख्याचा हात इथेच आखडतो. बसलेली पेटी उठवायला जिवावर येतं.

तरी उठवा. खाली जा, डावीकडे वळा आणि डावी पेटी एक घर वर ढकला. एकच, दुसऱ्या धक्क्याला ती कोपऱ्यात जाईल. मग कोनाड्यातून फिरून चौथ्या ओळीच्या उजव्या टोकाला या आणि मोकळी पेटी एक घर डावीकडे ढकला. आता डावा रकाना खुला आहे. तिथून पाचव्या ओळीत उतरा, पेटीखाली उभे राहा आणि तिला एक घर वर सारा.

इथे थांबा. आणखी दोन धक्के दिले की पेटी वरच्या जागेवर बसते, आणि मोह तोच होतो. पण डावी पेटी खाली आणायची तर माणसाला तिच्या डोक्यावरच्या कोपऱ्यात पोहोचायला हवं. त्या कोपऱ्याच्या एका बाजूला तुम्ही नुकतीच बसवलेली पेटी असेल, खाली डावी पेटी. दार कायमचं बंद.

म्हणून डावीकडून येऊन पेटी उजवीकडे कोनाड्यात एक घर सरकवा, तात्पुरती. वाट मोकळी झाली की वर जा, कोपऱ्यात शिरा आणि डावी पेटी एक घर खाली ढकला. ती घरी पोहोचली. मग चौथ्या ओळीतून वळसा घालून कोनाड्याच्या वरच्या उजव्या घरात या, पेटी डावीकडे आणा, तिच्याखाली जा आणि दोन धक्क्यांत वर बसवा. सगळी मिळून ३३ पावलं, त्यात धक्के फक्त ८. उरलेली पावलं माणूस योग्य बाजूला पोहोचावा म्हणून चाललेली आहेत. प्रत्येक धक्क्याआधी ‘यानंतर मला कुठे कुठे जाता येईल?’ हा एवढाच प्रश्न विचारत जा.

मोठ्या लेव्हलकडे जाताना

मूळ खेळाच्या पहिल्या लेव्हलमध्ये सहा पेट्या आहेत आणि सहाही जागा उजव्या टोकाच्या खोलीत, एका अरुंद बोळाच्या शेवटी. किमान ९७ धक्के लागतात. इथे दाराजवळच्या जागा आधी भरल्या की आतल्या जागांपर्यंत पेटी पोहोचत नाही. म्हणून आतल्या टोकाचा रकाना आधी भरा. क्रम सुचत नसेल तर उलटीकडून विचार करा : शेवटची पेटी कोणत्या जागी बसेल, आणि तेव्हा माणूस कुठे उभा असेल? मग तिच्या आधीची. असं मागे येत गेलं की भरण्याचा क्रम हाती लागतो.

चूक झाली तर मागे घ्या. बहुतेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि झेड. पण एकेक पाऊल मागे घेत नक्की कोणत्या धक्क्याने वाट बंद झाली ते शोधा. लेव्हल सरळ पहिल्यापासून सुरू केली तर तीच चूक पुन्हा होते, कारण ती नीट पाहिलेलीच नसते.

तासभर अडलात तर मन खट्टू करू नका. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं की सोकोबान ‘पीस्पेस-कम्प्लीट’ आहे, म्हणजे संगणकालाही अतिशय जड जाणाऱ्या कोड्यांच्या वर्गात तो मोडतो. खेळ बंद करा, कागदावर नकाशा काढून पेट्यांच्या जागी शेंगदाणे ठेवा, आणि जेवून झाल्यावर पुन्हा बघा.